थांब गो

कोणी विचारलं की मी 'कंपनीत आहे' एवढंच सांगते. रोह्यात तेवढं पुरतं. पेणमध्ये त्यापुढे 'कुठली कंपनी?' येतं आणि नातेवाइकांमध्ये त्याच्याही पुढे 'एसी आहे का?' येतं. एसी आहे. मी बसते त्या खोलीतला एसी माणसांसाठी नाही, कंप्युटरसाठी लावलेला आहे. त्याचा वारा आम्हालाही लागतो, इतकंच.

या अंकासाठी मला दिलेला विषय असा होता: बदलत्या कामाच्या ठिकाणी नेतृत्व करणाऱ्याला कोणती कौशल्यं लागतात. मी नाही म्हणणार होते. एक तर माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत मी घरी बोलते आणि कामावर बोलते, लिहिते क्वचित. दुसरं म्हणजे 'नेतृत्व' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वाढदिवसाचा फ्लेक्स येतो. मी शिफ्ट इनचार्ज आहे. आठ तास प्लांट चालवायचा, कोणाला इजा होऊ द्यायची नाही आणि पुढच्या माणसाच्या हातात देऊन घरी जायचं. घरी गेल्यावर आई विचारते, "आज काय झालं?" मी म्हणते, "काही नाही." ज्या दिवशी हे खरं असतं तो चांगला दिवस.

काम थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या कारखान्यात एक पिवळसर पूड बनते. ती दुसऱ्या कारखान्यात जाते आणि तिथे तिचा रंग होतो. पूड ज्यात बनते ते मोठं बंद भांडं म्हणजे रिअ‍ॅक्टर. घरातल्या कुकरची चार मजली बहीण समजा. पूर्वी या भांड्यांच्या आजूबाजूला माणसं असत. वॉल्व हातानं फिरवत, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर ओरडून सांगत. आता बरेचसे वॉल्व आणि पंप वर कंट्रोल रूममधून, पडद्यावर माउसनं टिचकी मारून चालतात. खाली प्लांटमध्ये, ज्याला आम्ही 'फील्ड' म्हणतो, मोजकीच माणसं उरली आहेत. होज म्हणजे लवचीक नळी जोडणं, सँपल काढणं, कुठे गळतंय का बघणं ही कामं अजून माणसाच्या हातची आहेत. वरची माणसं आणि खालची माणसं यांच्यात दुवा एकच, तो म्हणजे वॉकीटॉकी. आम्ही तिला वॉकी म्हणतो.

इनचार्जची खुर्ची मला कोणी हौसेनं दिली नाही. आधीचे साहेब गुजरातेत नव्या नोकरीवर गेले, त्यांच्या जागी येणारा आलाच नाही, आणि मी होतेच. 'तोपर्यंत तुम्ही बघा' असं सांगण्यात आलं. ते 'तोपर्यंत' बरंच लांबलं.

सुरुवातीच्या दिवसांतला एक टँकर ड्रायव्हर आठवतो. माल उतरवायला माझी सही हवी होती. तो खिडकीपाशी आला, आत डोकावला आणि म्हणाला, "साहेब कुठे गेले?" मी म्हटलं, "बोला." तो म्हणाला, "साहेब आले की बोलतो." आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. मी माझं काम करत राहिले. मला ओरडता येत नाही. 'मीच साहेब' हे वाक्य तोंडातून काढायलाही मला लाज वाटली. शेवटी आमचा चहावाला त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "अरे, ती बसलीय ना, तीच साहेब. साडी नाय नेसत म्हणून वळखलं नाय कं तू?" ड्रायव्हर आला, सही घेतली आणि जाताना कोणाला तरी फोनवर म्हणाला, "हां, साहेब मिल गया. लेडीज है."

दुसरी गोष्ट 'व्हय'ची. मी खालच्या माणसांना सूचना द्यायची आणि शेवटी विचारायची, "समजलं ना?" सगळे म्हणायचे, "व्हय." आणि मग काम वेगळंच व्हायचं. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हे 'व्हय' म्हणजे 'तू बोललीस ते कानावर आलं', एवढंच. पटलं की नाही, जमेल की नाही, हा वेगळा प्रश्न. तो स्वतंत्रपणे आणि शक्यतो चहा पिताना विचारायचा असतो. मी तसं करायला लागले. हे कौशल्यात बसत असेल तर एक झालं.

मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते धर्माकाका मला 'व्हय' कधी म्हणत नसत. त्यांना पटलं नाही तर ते "नाय गो" म्हणत.

धर्माकाका फील्ड ऑपरेटर. पेणजवळच्या गडब गावचे. घरची भातशेती, आणि कंपनीत कंत्राटदाराकडून. कंत्राटदार तीन वेळा बदलले, कंपनीचं नाव एकदा बदललं, काका तिथेच. हडकुळे, उंच, हेल्मेटच्या आत गमछा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वॉकीवर विचारलं होतं, "काय गो, जेवलीस कं?" सगळ्या प्लांटला ऐकू गेलं. माझे कान तापले. आमच्या घरी मुलींना 'अगं' म्हणतात. 'गो' मी पेणच्या बाजारात ऐकलेलं होतं, भाजीवालीला तिच्या गावची बाई हाक मारते तेव्हा. मला कोणी म्हटलेलं नव्हतं. मी बटण दाबून उत्तर दिलं, "हो, जेवले." आणि त्या दिवसापासून ते चालूच राहिलं. "आलीस गो?" "सँपल नेलं गो." "आज तुझा आवाज बसलाय, गरम पानी पी गो." मी त्यांना कधी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर वॉकीच्या चॅनेलवर दिवसभरात मला 'मॅडम' पुष्कळ वेळा ऐकू यायचं, आणि त्या प्रत्येक 'मॅडम'मध्ये 'ही किती दिवस टिकते बघू' असं काहीतरी असायचं. 'गो'मध्ये ते नसायचं.

मग आमचे नवीन प्लांट हेड आले. त्यांना राव सर म्हणू. आंध्रचे, शांत, कामात पक्के. मी त्यांच्याविरुद्ध काही लिहीत नाही हे आधीच सांगते. त्यांनी आठवडाभर वॉकी ऐकली आणि डोक्याला हात लावला. खाली एक ओडिशाचा, दोन उत्तर प्रदेशचे, बाकी रोहा-पेणचे. जो तो आपापल्या भाषेत बोलतो. "चलने दे", "सोड", "मार", "जाऊ दे". वरच्या माणसाला अंदाजानं काम करावं लागतं. सरांनी नियम केला: पंप आणि वॉल्वसाठी चॅनेलवर दोनच शब्द. सुरू करायचं तर 'गो', थांबवायचं तर 'स्टॉप'. जगात कुठेही कळतील असे शब्द. नियमात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

कँटीनमध्ये सगळ्यांना बसवून हा नियम सांगितला. हिरव्या अक्षरात 'गो' आणि लाल अक्षरात 'स्टॉप' असे कागद भिंतीवर लागले. मागून धर्माकाका म्हणाले, "म्हंजे आता पंपाला पन गो बोलायचं? पंप काय बायको हाय?"

मागची सगळी रांग हसली. राव सरांनी विचारलं, "क्या बोला?" कोणीतरी म्हणालं, "कुछ नहीं सर, मजाक." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नुसतं हसले. भाषांतर करण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

पुढची गोष्ट दुपारच्या शिफ्टमधली. एक बॅच संपली होती. बॅच संपली की पुढची घेण्याआधी पाइपलाइन गरम पाण्यानं धुतात. खालचा माणूस होज जोडतो, तो धरून ठेवणारा क्लॅम्प आवळतो आणि वर कळवतो. वरचा माणूस पंप सुरू करतो. पडद्यासमोर अंकित होता. अंकित मध्य प्रदेशचा, डिप्लोमा करून नुकताच लागलेला, अतिशय नीटस मुलगा. त्याला मराठी येत नव्हती आणि चुकायची फार भीती वाटायची.

मी वॉकीवर विचारलं, "काका, होज झाला का?" तेवढ्यात लॅबचा फोन वाजला म्हणून मी दोन पावलं बाजूला झाले. वॉकी टेबलावर होती, अंकितच्या कोपराशी.

खाली काकांनी क्लॅम्प बसवला होता, पण तो नीट बसला नव्हता, म्हणून त्यांनी परत सैल केला होता. एका हातात होजचं तोंड. दुसऱ्या हातानं त्यांनी वॉकीचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी बोलले. वॉकीचं एक वैशिष्ट्य असतं. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं असतं, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. आयुष्यभर एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर ओरडत आलेल्या माणसांना हे थांबणं जमत नाही.

काका म्हणाले, "थांब गो!"

वर ऐकू आलं, "...गो!"

अंकितनं टिचकी मारली.

माझ्या कानावर तो शब्द पडला तेव्हा मला तो माझ्यासाठी आहे हे कळलं होतं. अंकितला तो पंपासाठी आहे असं कळलं. दोघांनाही बरोबरच कळलं होतं, असं आता वाटतं. मी "अंकित, नको" म्हणेपर्यंत खालून ओरडणं ऐकू आलं. वॉकीवरून नाही, खिडकीच्या काचेतून.

नशीब, होजमध्ये फक्त गरम पाणी होतं. काकांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. मोठाले फोड आले. त्यांना रोह्याला हॉस्पिटलमध्ये नेलं, ड्रेसिंग झालं, संध्याकाळी घरी सोडलं. गाडीत बसताना त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "क्लॅम्प अजून सैल हाय गो. कोनाला तरी बघायला सांग." अंकित जिन्याखाली उभा राहून रडत होता. मी त्याच्याजवळ उभी राहिले, बस.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. अपघाताचा अहवाल करावाच लागतो आणि त्यात 'कारण' म्हणून एक चौकट असते. सगळ्यांचे जबाब घेऊन झाले तेव्हा त्या चौकटीत काय येणार हे दिसायला लागलं: ऑपरेटरनं ठरलेला शब्द वापरला नाही, आणि बटण दाबून न थांबता बोलला. दोन्ही खरं होतं. कायम नोकरीतला माणूस असता तर समज देऊन सोडला असता. कंत्राटी माणसाच्या बाबतीत एवढंच करायचं असतं की गेट पास पुढे वाढवायचा नाही. कोणी 'काढलं' असं म्हणतही नाही. पास संपतो. फील्डवरची माणसं कमी करायची आहेत ही चर्चा आधीपासून होतीच. काकांचा पास महिनाअखेरीस संपत होता.

मी रविवारी गडबला गेले. पेणहून एसटीनं फार वेळ लागत नाही. हायवेच्या दुकानांपाशी उतरून आत चालत गेले. काका ओट्यावर बसले होते, हात उशीवर ठेवून. मला पाहून ते उठायला लागले.

"बसा काका."

दारातून काकी आल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही कं तुमची मॅडम? मना वाटलं मोठी बाई असंल. ही तर पोर हाय."

"पोर नाय, इनचार्ज हाय," काका म्हणाले.

"इनचार्ज हाय तर मंग पानी कोन सोडलं?"

"तो दुसरा पोरगा. त्याची काय चूक नाय."

"कोनाचीच चूक नाय, आनी हात तुमचा भाजला." काकी माझ्याकडे वळल्या. "ये गो, आत ये. चाय घेशील ना? का तुमची ती काली कॉफी लागते?"

मी चहा घेतला. काकी समोर पाटावर बसल्या. त्यांना सरळ बोलायची सवय होती. "पास देतील का नाय ते सांग. आमचं भात घरच्यापुरतं. पोराचं काय अजून ठिकान्यावर नाय. हे घरी बसलं तर हे पन येडं होतील आनी मी पन."

मी म्हटलं, "मी मीटिंगमध्ये बोलणार आहे."

"काय बोलशील?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. तुम्ही 'थांब गो' म्हणालात. ते 'गो' मला होतं. तुम्ही मला रोजच तसं म्हणता, हे सांगीन.

काका एकदम सरळ बसले. "असं नाय बोलायचं."

"का?"

"अगो, साहेब लोकांसमोर? त्यांना वाटंल, हिला खालची मानसं गो-जो करतात, आनी ही ऐकून घेते. तुझा काय मान राहील? सगली कंपनी हसंल तुला. त्यापरास मी बोलतो, माझी चूक झाली. मी विसरलो. संपलं."

"आणि पास?"

काकांनी हाताखालची उशी सारखी केली. काकी म्हणाल्या, "बघ, आता बोलती बंद झाली. एरवी वॉकीवर किती बोलतात म्हने."

परतीच्या एसटीत मला त्यांच्या बोलण्याचा राग आला नाही, भीती वाटली. कारण ते खरं होतं. माझ्या आधीच्या मूल्यमापनात लिहिलेलंच होतं की मी ठाम नाही, खालच्या लोकांवर माझा वचक नाही. इनचार्ज म्हणून माझं पक्कं होणं त्याच महिन्यात ठरायचं होतं. गेल्या वर्षी कंपनीनं आम्हाला अलिबागजवळ एका रिसॉर्टमध्ये नेतृत्वाच्या ट्रेनिंगला नेलं होतं. रंगीत चिकट कागदांवर एकेक गुण लिहून तक्त्यावर लावायचा होता. मी 'ऐकून घेणं' असं लिहिलं होतं, कारण ते सोपं वाटलं आणि ते लावताना बोलावं लागत नाही. ट्रेनर बाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. ऐकून घ्यायला मला खरोखर काही लागत नाही. मी लहानपणापासून तेच करत आले. ऐकलेलं चारचौघांत सांगणं मला जमत नाही.

मीटिंग राव सरांच्या केबिनमध्ये झाली. सर, पुण्याहून आलेले, पण मराठी नसलेले एचआरचे अधिकारी, अंकित आणि मी. काकांना बोलावलं नव्हतं, त्यांचा जबाब आधीच झाला होता. बोलणं इंग्रजीत होतं. इंग्रजीत मी जरा कमी लाजते. ती शाळेची भाषा असल्यामुळे तिच्यात बोलताना मी कोणीतरी दुसरीच आहे असं वाटतं.

सरांनी मसुदा वाचला. शेवटी विचारलं, "कोणाला काही म्हणायचं आहे?" हे ते नेहमी विचारतात आणि कोणालाच काही म्हणायचं नसतं.

मी म्हटलं, "सर, त्यांनी 'थांब' म्हटलं होतं."

"पण चॅनेलवर 'गो' ऐकू आलं. अंकितनं ऐकलं, तुम्हीही ऐकलंत."

"हो सर. ते 'गो' वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे?"

आणि इथे माझं इंग्रजी संपलं. मी प्रयत्न केला. बाईला हाक मारायचा शब्द आहे. सगळ्या बायकांना नाही, जवळच्या. मोठ्या माणसानं लहान मुलीला, मैत्रिणीनं मैत्रिणीला, नवऱ्यानं बायकोला. एचआरच्या साहेबांच्या भुवया नवऱ्यापाशी वर गेल्या. मी म्हटलं, "त्याचा अर्थ काही नाही सर. तो नुसता वाक्याला लावतात. समोरची बाई आपली आहे एवढं त्यातून कळतं."

"आणि हे ते कोणाला म्हणत होते?"

"मला."

"त्या दिवशी?"

"रोज, सर."

मग एचआरचे साहेब अगदी काळजीच्या स्वरात म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हे अपमानास्पद वाटत असेल तर त्यासाठी वेगळी प्रक्रिया आहे. तुम्ही तक्रार देऊ शकता. आपण ते वेगळं घेऊ."

मला हसू येईल असं वाटलं आणि रडूही. काकांना वाचवायला मी तोंड उघडलं होतं आणि आता त्यांच्यावर दुसरंच काहीतरी यायची वेळ आली होती. मी म्हटलं, "नाही. मला ते आवडतं." हे वाक्य मी इंग्रजीत म्हटलं आणि ते इंग्रजीत फार विचित्र वाटलं. म्हणून मराठीतही म्हटलं, कोणाला कळो न कळो. "मला आवडतं ते."

अंकितनं मान वर केली. "सर, कँटीन में जब रूल बताया था, तब अंकल ने कुछ बोला था ना? सब हँसे थे। वो क्या था?"

मी सांगितलं. पंपालाही गो म्हणायचं का, पंप काय बायको आहे. या वेळी भाषांतर केलं.

राव सरांनी मसुदा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी त्या दिवशीच सांगितलं होतं की हा शब्द इथे आधीपासून वापरात आहे." ते पुढे म्हणाले, "आमच्याकडे छोट्या मुलीलासुद्धा 'अम्मा' म्हणतात. माझ्या मुलीला आमचा ड्रायव्हर म्हणतो." मला वाटलं ते हसतील, पण ते हसले नाहीत. "पण मॅडम, प्लांटच्या चॅनेलवर नाही. तुम्ही इनचार्ज आहात. तुम्ही हे पहिल्या दिवशी थांबवायला हवं होतं."

"हो सर," मी म्हटलं. मला ते पटलं नव्हतं. पटलं नसताना 'हो' म्हणायला मी माझ्या प्लांटमधल्या माणसांकडूनच शिकले असेन.

कारणाच्या चौकटीतला मजकूर बदलला. निवडलेला शब्द स्थानिक बोलीतल्या शब्दाशी जुळत असल्यामुळे गैरसमज, असं काहीतरी आलं. हिरवे-लाल कागद भिंतीवरून उतरले. आता 'चालू' आणि 'बंद'. आणि वरच्यानं ऐकलेला शब्द परत म्हणून दाखवायचा, खालच्यानं 'बरोबर' म्हटलं की मगच टिचकी मारायची. हा शेवटचा भाग मी सुचवला होता, पण बैठकीच्या नोंदीत तो 'सर्वानुमते' असा आहे. चालेल. काकांचा पास वाढला. माझं पक्कं होणं पुढे ढकललं गेलं. कागदावर कारण होतं, कामाच्या ठिकाणी योग्य अंतर राखण्याची गरज. ते वाचून मी इतकी दमले की त्या दिवशी रोहा स्टेशनवर गाडी आली तरी बाकावरून उठले नाही. पुढच्या गाडीनं गेले.

हात बरा झाल्यावर काका कामावर आले. त्या दिवशी मी वॉकीवर म्हटलं, "काका, आलात?"

थोडा वेळ खरखर. बटण दाबून ते नियमाप्रमाणे थांबले होते. मग आवाज आला. "आलो, मॅडम."

पहिल्यांदा वाटलं चेष्टा करतात. पण नाही. "होज जोडला, मॅडम. चालू." "बंद, मॅडम." एकही शब्द कमी नाही, जास्त नाही. शिफ्ट सुटल्यावर गेटवर गाठून मी विचारलं, "काका, असं का बोलता?"

"कसं?"

"मॅडम-मॅडम."

त्यांनी गमछा झटकला. "तू माझ्यासाठी साहेब लोकांसमोर बोललीस. आता माझ्यामुले तुला कोन परत बोलायला नको." मग म्हणाले, "आनी खरं सांगू? बटन दाबून थांबलो ना, की बोलायचं काय ते इसरायला होतं. कामाचं तेवढं राहातं."

चॅनेल आता स्वच्छ आहे. अंकित 'बंद' असं इतकं छान म्हणतो की रोह्याचा वाटावा. त्या दिवसानंतर होजचा अपघात झालेला नाही. सुरक्षेच्या बैठकीत आमच्या प्लांटचं उदाहरण देतात. मला ते चुकीचं वाटत नाही. भाजलेला हात मी पाहिलेला आहे.

पण पूर्वी त्या चॅनेलवर कामाबरोबर बरंच काही वर यायचं. पंप आज वेगळाच आवाज करतोय गो. त्या नव्या पोराला ताप हाय गो, त्याला वर चढवू नको. आज वास येतोय, कसला ते नाय सांगता येत. हे कुठल्याच ठरलेल्या शब्दात बसत नाही, म्हणून आता वर येत नाही. मी बटण दाबून विचारते, "काका, बाकी काय?" उत्तर येतं, "बाकी काय नाय, मॅडम."

म्हणून शिफ्ट सुरू झाल्यावर तासाभरानं मी अंकितला पडदा बघायला सांगते, हेल्मेट घालते आणि खाली जाते. चार मजले. गुडघे दुखतात, याचं माझ्या वयात लोकांना हसू येतं. राव सरांना वाटतं मी राउंड घेते. तसं वाटू दे. खाली आवाज एवढा असतो की वॉकी असली नसली सारखीच. काका पंपाशी उभे असतात. मला येताना बघतात आणि वॉकी खिशात टाकतात.

"आलीस?" ते म्हणतात. 'मॅडम'ही नाही आणि दुसरंही काही नाही.

"आले."

मग ते माझ्या कानाजवळ तोंड आणतात आणि ओरडून सांगायला लागतात.